गणिताचे परीक्षक आणि मुकादमाची वही

गेली काही वर्षे गणित-शिक्षणावरील एका परिषदेसाठी आलेले संशोधन-प्रस्ताव तपासण्याचे काम माझ्याकडे येत आहे. परिषदेचे नाव मी येथे देत नाही. आपण कोणत्या परिषदेचे परीक्षक आहोत हे परीक्षकाने मिरवू नये असा संकेत आहे, आणि तो मला मान्य आहे. पण हे काम म्हणजे नेमके काय, प्रस्ताव कसा तपासला जातो, कशाने पास होतो आणि कशाने पडतो, हे आपल्या चळवळीतील शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना सांगणे मला आवश्यक वाटते. कारण यात गुपित ठेवण्यासारखे काहीही नसताना आपल्यासाठी ते गुपितच राहिलेले आहे. मी स्वतः नगर जिल्ह्यातल्या (आता कागदोपत्री अहिल्यानगर) एका अध्यापक महाविद्यालयात गणिताची अध्यापनपद्धती शिकवतो. चाळिशी ओलांडेपर्यंत मलाही हा प्रकार ठाऊक नव्हता. संशोधन हा शब्द आमच्याकडे पदोन्नतीच्या अर्जापुरता उच्चारला जात असे.

कोणी विचारील, चार प्राध्यापक एकत्र जमून इंग्रजीत निबंध वाचतात, त्याच्याशी आमच्या वस्तीतल्या पोराचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो दुरून का होईना, थेट पोराच्या पाटीपर्यंत येतो. परिषदेत जे वाचले जाते ते छापले जाते. जे छापले जाते त्याचा हवाला पुढचा संशोधक देतो. असे हवाले साठले की त्याला 'संशोधनाने सिद्ध झालेले' म्हणतात, आणि मग ते पाठ्यपुस्तक मंडळाच्या बैठकीत, शिक्षक-प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत आणि अभ्यासक्रमाच्या आराखड्यात उतरते. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासाठी प्रा. आर. रामानुजम यांच्या अध्यक्षतेखाली गणिताचे आधारपत्र तयार झाले. बहुसंख्य मुलांच्या मनात गणिताविषयी भीती आणि अपयशाची भावना आहे, हे त्यात प्रमुख समस्या म्हणून नोंदवले आहे. नोंद खरी आहे. पण ही बहुसंख्य मुले कोणाची? कोणत्या घरांतली, कोणत्या वस्तीतली, कोणत्या जातीची? हा पुढचा प्रश्न कोणीतरी संशोधनाच्या भाषेत मांडावा लागतो. आणि तो मांडलेला कागद सर्वप्रथम परीक्षकाच्या हाती पडतो.

अशा परिषदा फार जुन्या नाहीत. गणित-शिक्षणाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १९६९ साली फ्रान्समध्ये लिआँ येथे भरली. १९७६ साली कार्लस्रूहे येथील तिसऱ्या परिषदेत गणित-शिक्षणाच्या मानसशास्त्राचा वेगळा आंतरराष्ट्रीय गट स्थापन झाला. मुलाच्या डोक्यात काय चालते यावर त्याचा भर होता. मुलाच्या डोक्याबाहेर समाजही आहे, सत्ता आहे, हे ठासून सांगणाऱ्यांनी १९९८ साली नॉटिंगहॅमला 'गणित-शिक्षण आणि समाज' ही निराळी परिषद सुरू केली. तिचे दहावे अधिवेशन २०१९ साली हैदराबादेत झाले. आपल्याकडे मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने विज्ञान, तंत्रज्ञान आणि गणित या तिन्हींच्या शिक्षणावरील 'एपिस्टेम' ही परिषदमाला २००४ साली गोव्यात सुरू केली. याच केंद्राने २०१२ च्या जानेवारीत गणित-शिक्षणावर राष्ट्रीय परिषदही घेतली होती. म्हणजे दार पॅरिसला किंवा लंडनला नाही, मुंबईच्या मानखुर्दला आहे. नगरहून सकाळची एस. टी. धरली तर दुपारी तिथे पोहोचता येते.

आता प्रत्यक्ष काम. परिषदेच्या बरेच महिने आधी प्रस्ताव मागवतात. बहुधा काही पानांचा मजकूर असतो: प्रश्न कोणता, आधी कोणी काय म्हटले आहे, माहिती कशी गोळा केली, काय आढळले. प्रस्तावावरचे नाव आणि संस्था झाकून तो दोघा-तिघा परीक्षकांकडे जातो. परीक्षकांची नावेही लेखकाला कळत नाहीत. परीक्षकाला एक तक्ता दिलेला असतो. प्रश्नाचे महत्त्व, सैद्धांतिक चौकट, पद्धती, निष्कर्ष, मांडणीची स्पष्टता, परिषदेच्या विषयाशी नाते, अशी त्याची घरे. प्रत्येक घरात शेरा आणि शेवटी निर्णय लिहायचा: स्वीकारावा, दुरुस्तीसह स्वीकारावा, भित्तिपत्र म्हणून मांडू द्यावा, नाकारावा. भित्तिपत्र म्हणजे सभागृहाबाहेर, चहाच्या टेबलाजवळ कागद टांगून त्याच्यापाशी उभे राहायचे. मला ते पाहिले की पंगतीबाहेर वाढलेले ताट आठवते. पण हा माझा दोष असेल, कारण कित्येक चांगली कामे मी त्या भिंतीवरच पाहिली आहेत.

यातला 'सैद्धांतिक चौकट' हा शब्द आपल्या शिक्षकांना घाबरवतो. त्याचा अर्थ साधा आहे. आपण एखाद्या गोष्टीकडे कोणत्या विचारातून पाहतो आहोत ते आधी सांगायचे. एखादा पोरगा वजाबाकी चुकला. त्याची स्मरणशक्ती कमी आहे म्हणून चुकला असे मी मानतो, की शाळेची भाषा त्याची नाही म्हणून, की शाळेत तो वर्षातून सहाच महिने असतो म्हणून? जे मानतो त्याप्रमाणे मी काय पाहणार आणि काय माझ्या नजरेतून सुटणार, हे ठरते. चौकट म्हणजे एवढेच. ती प्रत्येकाजवळ असते. विद्यापीठात शिकलेल्याला तिचे नाव माहीत असते, इतकाच फरक.

नाव झाकले की जात झाकली जाते, असा एक भाबडा समज या व्यवस्थेमागे आहे. नाव झाकणे चांगलेच आहे. नावावरून, आडनावावरून काय काय होते हे आपल्याला कोणी सांगायला नको. पण इंग्रजी झाकता येत नाही. प्रस्तावाची पहिली दोन वाक्ये वाचली की लेखक दिल्लीच्या विद्यापीठातला आहे की पाथर्डीच्या जिल्हा परिषद शाळेतला, हे परीक्षकाला कळते. संदर्भांची यादी पाहिली की कोणत्या ग्रंथालयात याला प्रवेश आहे तेही कळते. मग तक्त्यातल्या 'स्पष्टता' या घरात परीक्षक जो शेरा लिहितो तो विचाराच्या स्पष्टतेवर असतो की इंग्रजीच्या सफाईवर, हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही.

हे मी दुसऱ्यांवर आरोप म्हणून लिहीत नाही. मी स्वतः हे केले आहे. ते सांगतो, तपशील ओळखू येऊ नयेत इतके बदलून सांगतो. परीक्षक म्हणून पहिल्याच वर्षी माझ्याकडे एक प्रस्ताव आला. लेखक प्राथमिक शिक्षक असावा. ऊसतोडीहून होळीनंतर परत आलेली मुले तोंडी हिशेब कसा करतात आणि तोच हिशेब वहीत मांडताना कुठे अडखळतात, याची त्याने दोन वर्षे नोंद ठेवली होती. इंग्रजी मोडके होते. चौकट नव्हती. संदर्भ म्हणून पाठ्यपुस्तकाशिवाय काही नव्हते. मी तीन वाक्ये लिहिली: सैद्धांतिक चौकट नाही, मुलांच्या निवडीचे निकष दिलेले नाहीत, भाषा अस्पष्ट आहे. आणि 'नाकारावा' या घरात खूण केली. तिन्ही वाक्ये खरी होती. मला पंधरा मिनिटे लागली.

त्यानंतर काही दिवसांनी वर्गात 'रीत' हा शब्द उच्चारताना मी थांबलो. चौथीत असताना मी गणिताचे उत्तर तोंडी काढून पाटीवर लिहिले होते. गुरुजींनी विचारले, "रीत कुठाय?" रीत माझ्याजवळ नव्हती. माझी आजी उसाचे वाढे विकायची, आणि पेंढ्या विसांनी मोजायची. त्रेसष्ट पेंढ्या म्हणजे तिच्या तोंडी 'तीन विसा न् तीन'. मीही तसेच मोजले होते. गुरुजींनी उत्तर बरोबर म्हणून टिकमार्क केली, रीत नाही म्हणून शून्य दिले, आणि 'कुणाचं पाहून लिहिलंस' असे विचारले. वर्ग हसला. त्या शिक्षकाच्या प्रस्तावाला मी जे लिहिले ते याहून वेगळे काय होते? उत्तर त्याच्याजवळ होते. रीत नव्हती. मी शून्य दिले.

येथे एक गैरसमज होऊ नये. गरीब शिक्षकाचा प्रस्ताव आहे म्हणून वाटेल ते स्वीकारावे, असे मी म्हणत नाही. आपल्याला सवलतीचे संशोधन नको आहे. नोंद कशी ठेवली, किती मुले, कोणते प्रश्न, याचा हिशेब प्रत्येकाने दिलाच पाहिजे. तो नसेल तर आपलीच बाजू लंगडी पडते. पण परीक्षकाच्या हाती नाकारण्याखेरीज दुसरेही एक काम असते. काय कमी आहे आणि ते कसे भरून काढता येईल, हे लेखकाला लिहून कळवणे. त्या शिक्षकाला मी एवढे लिहू शकलो असतो की, तुम्ही जे पाहिले ते ब्राझीलमध्येही पाहिले गेले आहे, ते वाचा.

ते ब्राझीलचे काम आपल्या प्रत्येक शिक्षकाला माहीत असले पाहिजे. रेसिफे शहरात तेरेझिन्हा नुनिस, डेव्हिड कॅराहर आणि अ‍ॅनालुसिया श्लीमन या संशोधकांनी बाजारात वस्तू विकणाऱ्या ९ ते १५ वयाच्या पाच मुलांना गिऱ्हाईक म्हणून प्रश्न विचारले. एक नारळ ३५ ला, तर दहा कितीला? बारा वर्षांच्या पोराने तीन नारळांचे १०५ धरले, त्यात आणखी तिनाचे १०५, पुन्हा १०५, आणि उरलेला एक, असे करत ३५० सांगितले. दहाने गुणताना पुढे शून्य लावायचे हा शाळेचा नियम त्याने वापरला नाही. बाजारात या मुलांची ९८.२ टक्के उत्तरे बरोबर आली. तीच गणिते नंतर कागद-पेन्सिल देऊन विचारली, तर नुसत्या आकडेमोडीत ३६.८ टक्के बरोबर आली आणि शाब्दिक उदाहरणांत ७३.७ टक्के. हा निबंध १९८५ चा. पुढे होमी भाभा केंद्रातून धारावीतल्या मुलांच्या अशाच कामातल्या गणितावर अभ्यास झाले. २०२५ साली 'नेचर' या नियतकालिकात कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. बाजारातले गणित शाळेत उतरत नाही, हे त्यात दिसलेच. त्याबरोबर शाळेत हुशार ठरलेल्या मुलांना बाजारातला हिशेब जमत नाही, हेही दिसले. म्हणजे अडाणीपणा दोन्ही बाजूंना आहे. परीक्षा मात्र एकाच बाजूची घेतली जाते.

माझ्याकडे जे प्रस्ताव येतात त्यांत आपल्या मुलांचा उल्लेख दोन तऱ्हांनी होतो. पहिली तऱ्हा उणिवेची. 'निम्न सामाजिक-आर्थिक स्तरातील विद्यार्थ्यांमध्ये अपूर्णांकांच्या संकल्पनेचे आकलन अपुरे आढळले.' हा 'निम्न सामाजिक-आर्थिक स्तर' म्हणजे कोण, ते लेखक सांगत नाही. जात हा शब्द पूर्ण प्रस्तावात एकदाही येत नाही. वर्गात ती मुले कुठे बसतात, फळ्यापाशी कोणाला बोलावले जाते, चुकल्यावर कोणाला 'तुझ्या डोक्यात हे बसणारच नाही' असे ऐकवले जाते, हे त्यात नसते. दुसरी तऱ्हा कौतुकाची. ही नवी आणि सभ्य आहे, म्हणून जास्त फसवी आहे. टोपली विणणाऱ्या बाईच्या बोटांत भूमिती आहे, मजुराच्या पोराकडे समृद्ध ज्ञान आहे, असे ती सांगते आणि तिथेच थांबते. बलुतेदाराचे कसब वाखाणायचे आणि खळ्यावर त्याला मूठभर धान्य घालून वाटेला लावायचे, ही रीत आपल्याला नवी नाही.

ऊसतोडीचाच हिशेब करून पाहू. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून दरवर्षी टोळ्या बाहेर पडतात. बौद्ध आहेत, मातंग आहेत, वंजारी आहेत, भटके आहेत. नवरा-बायको मिळून एक कोयता. समजा एका कोयत्याने मुकादमाकडून १,००,००० रुपये उचल घेतली. टनाला ३५० रुपये दर धरू, दिवसाला २ टन तोड धरू. म्हणजे रोजचे ७०० रुपये, आणि उचल फिटायला सुमारे १४३ दिवस. हंगाम १५० दिवसांचा धरला तर वाटते, फिटली. पण दहा दिवस खाडे झाले. बाई आजारी पडली, पोराला ताप आला. खाड्याला ५०० रुपये दंड धरला तर देणे १,०५,००० झाले आणि कामाचे दिवस उरले १४०. त्या दिवसांत २८० टन तोड होते, म्हणजे ९८,००० रुपये. सात हजार अंगावर राहिले. आठवड्याची खर्ची मी यात धरलेलीच नाही. हे सात हजार पुढच्या वर्षीच्या उचलीत मिसळतात आणि पुढच्या हंगामाला 'नाही' म्हणण्याची सोय संपते.

कोपीतल्या दहा-बारा वर्षांच्या पोराला हा हिशेब ठोकळमानाने येतो. 'अजून किती टन झालं की फिटतंय' हे तो बोटांवर सांगतो. भागाकार येतो, गुणोत्तर येते. पण वही मुकादमाकडे असते. कोणत्या दिवशी किती टन भरले, खाडे किती लावले, खर्ची कितीची मांडली, हे त्या वहीत असते आणि ती वही पोराला वाचता येत नाही. बापाला दाखवलीच जात नाही. तेव्हा या पोराच्या गणितावर संशोधन करायचे तर प्रश्न असा विचारावा लागेल: याच्या तोंडी हिशेबाला वहीपर्यंत नेणारी रीत शाळा त्याला का देत नाही? उणीव मोजणाऱ्याला हा प्रश्न दिसत नाही, आणि कौतुक करणाऱ्याला तो नको असतो.

जोतीराव फुल्यांना तो दिसला होता. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळेत काय शिकवावे हे सांगताना त्यांनी वाचन, मोडी व बाळबोध लेखन यांच्याबरोबर हिशेब मागितला आहे. मोडी का? कारण सावकाराचे, कुलकर्ण्याचे कागद मोडीत असत. मला त्या मागणीत गणित-शिक्षणाचा एक पूर्ण विचार दिसतो, आणि परिषदेच्या भाषेत बोलायचे तर ती एक चांगली 'सैद्धांतिक चौकट' आहे. आजवर मी तपासलेल्या एकाही प्रस्तावात तिचा हवाला मला आढळलेला नाही.

संशोधन आपल्या हाती नसले की काय होते याचे अलीकडचे उदाहरण २०१९ चे आहे. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात त्रेसष्ट हे 'साठ तीन' असेही वाचायला शिकवण्याची पद्धत आली. डॉ. मंगला नारळीकर विषय समितीच्या अध्यक्ष होत्या. मराठीत त्रेसष्ट म्हणताना तीन आधी उच्चारतो आणि लिहिताना सहा आधी लिहितो, त्यामुळे लहान मुले ३६ आणि ६३ मध्ये गोंधळतात, हा त्यामागचा विचार. जूनमध्ये एकच गदारोळ झाला. वर्तमानपत्रांत, विधिमंडळातही थट्टा झाली, मराठी भाषा बुडाली अशी ओरड झाली. माझा त्या पद्धतीला सरसकट पाठिंबा नाही. बाजारात कोणी 'साठ तीन रुपये' म्हणत नाही हा आक्षेप मला खरा वाटतो. पण ओरडणाऱ्यांपैकी कितीजणांनी पाथर्डीच्या वस्तीशाळेत बसून पोरे ६३ कशी वाचतात ते ऐकले होते? माझ्या आजीची 'तीन विसा न् तीन' ही वाचनाची रीत तर चर्चेच्या पंगतीत कुठेच नव्हती. 'मराठी भाषा' म्हणून जी बुडत होती ती कोणाच्या घरातली होती, असा प्रस्ताव कोणीतरी पाठवायला हवा होता.

काम होऊ शकते याला पुरावा आहे. १९८० नंतरच्या वर्षांत होमी भाभा केंद्राचे वि. गो. कुलकर्णी आणि सु. चं. आगरकर यांनी मुंबई महानगरपालिकेच्या शाळांतल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांबरोबर दीर्घकाळ काम केले आणि १९८५ साली त्याचा अहवाल काढला. या मुलांना बुद्धी कमी नाही, पाठ्यपुस्तकाची भाषा त्यांच्या वाटेत आडवी येते, याकडे त्यांनी लक्ष वेधले. त्यात जातीचे नाव स्पष्ट घेतले होते. आज चाळीस वर्षांनी 'वंचित घटक' म्हणून तेच नाव झाकले जाते, ही प्रगती मानायची की काय, ते मला कळत नाही.

तेव्हा ज्यांना लिहायचे आहे त्यांनी लहान प्रश्न घ्यावा. 'दलित विद्यार्थी आणि गणित' हा प्रश्न नाही, तो ग्रंथ आहे. 'हंगामाहून परतलेली सहावीतली नऊ मुले उचल-खाड्याचा हिशेब तोंडी कसा करतात आणि वहीत कसा मांडतात' हा प्रश्न आहे. नऊच मुले का, याचे कारण लिहा. रेसिफेत पाचच होती. मुलाचे शब्द जसेच्या तसे उतरवा, प्रमाण मराठीत सुधारू नका. त्याने जी रीत वापरली ती पायरीपायरीने लिहा आणि तिचा ताळा करा. मुलाचे, गावाचे, टोळीचे नाव बदला. मुकादमाला कळले तर त्रास मुलाच्या बापाला होईल. पालकांची परवानगी घ्या आणि ती घेतल्याचे लिहा. जात लिहायची असेल तर का लिहिली ते एका वाक्यात सांगा, म्हणजे परीक्षकाला ती गाळता येणार नाही. आणि नकार आला तर शेरे वाचा. त्यातले निम्मे उपयोगाचे असतात. उरलेले माझ्यासारख्याने पंधरा मिनिटांत लिहिलेले असतात.

त्या शिक्षकाचा मी पुढे शोध घेऊ शकलो नाही. नाव झाकलेले होते, आणि तसे शोधणे नियमाला धरूनही नाही. एवढेच की आता प्रत्येक प्रस्तावाला मी निदान एक पान लिहितो, आणि पहिल्या वाचनात इंग्रजीकडे पाहत नाही. या अंकाच्या वाचकांपैकी कोणाजवळ अशी नोंदवही असेल, तर त्यांनी चार पाने मराठीतच लिहून संपादकांच्या पत्त्यावर माझ्याकडे पाठवावीत. मी तपासत असलेल्या परिषदेखेरीज दुसऱ्या कोणत्याही परिषदेसाठी ती नीट करायला मी बसेन. इंग्रजीचे मागाहून पाहू.